नऊ जोड्यांचं कडं

नेटा रँकिनच्या हातून बाटली नासत नाही, अशी तिची ख्याती होती. ग्लासगोच्या टेकडीवर विद्यापीठाच्या एका काळपट दगडी इमारतीच्या तळघरात तिने तेरा वर्षं जिवाणू वाढवले. काठोकाठ भरलेल्या, घट्ट झाकणाच्या चपट्या बाटल्या, आत हवेचा एक बुडबुडासुद्धा नको, आणि दोन्ही अंगांना साधे पिवळे दिवे. पहिल्या दिवशी पाणी पाण्यासारखंच. दुसऱ्या दिवशी कुणी त्यात बीट धुतलं असावं तसं फिकट गुलाबी. चौथ्या दिवशी इतकं गडद, की दिव्यासमोर धरलं तरी पलीकडचं बोट दिसू नये. वास मात्र कोबी चुलीवर ठेवून विसरल्यासारखा. बसमध्ये शेजारची बाई जरा सरकून बसली, की नेटा सांगून टाकायची, "कामाचा वास आहे बाई, माझा नव्हे."

पंधराव्या वर्षी शाळा सोडून ती गालिच्यांच्या कारखान्यात लागली होती. कारखाना बंद पडला तेव्हा बाटल्या धुवायला म्हणून इथे आली. प्रोफेसर स्टरॉक हे कमी बोलणारे, उंचेपुरे गृहस्थ. त्यांनी महिनाभर तिचं काम पाहिलं आणि बाटल्या धुणारीच्या हाती बाटल्या भरायचं काम दिलं. पुढे जिवाणू फोडून त्यांच्यातलं एक लालसर प्रथिन वेगळं काढायचं, तेही शिकवलं. सगळी धडपड त्या प्रथिनासाठीच होती. हे जिवाणू उजेडावर जगतात, आणि उजेड धरायचं काम ते प्रथिन करतं, एवढं ठाऊक होतं. पण ते आतून कसं रचलेलं आहे, हे तेव्हा कुणीच पाहिलं नव्हतं. पाहायचं तर एकच वाट होती. प्रथिनाचे स्फटिक करायचे, त्यांवर क्ष-किरण सोडायचे, आणि किरण कसे विखुरतात त्यावरून आतली रचना गणिताने उभी करायची.

ते काम लोर्न हॅडोचं. तिशीतला, ताडमाड, नळदुरुस्ती करणाऱ्या बापाचा मुलगा. तो नेटाला 'तळघराच्या महाराणी' म्हणायचा आणि ती त्याला 'लांबट्या'. नेटाने दिलेल्या प्रथिनाचे तो मसुराच्या दाण्याएवढे थेंब करायचा, काचेच्या झाकणाखाली बंद करायचा, आणि थंड खोलीत ठेवून महिनोन्महिने वाट पाहायचा. बहुतेक थेंबांत नुसता गाळ बसे. कधी स्फटिक दिसलेच तर क्ष-किरणांखाली मातीच्या ढेकळासारखे निघत. प्रथिनाचे तुकडे गोल मांडलेले असावेत, एवढा अंदाज सगळ्यांनाच होता. पण एका गोलात किती, यावर वाद होता. चहाच्या खोलीतल्या फळ्यावर पैजेचा कागद लावलेला होता. प्रोफेसरांनी सहा लिहिलं होतं, लोर्नने आठ. जिंकणाऱ्याला व्हिस्कीची एक बाटली, जी कपाटावर धूळ खात होती. नेटाने काहीच लिहिलं नव्हतं. तिचं म्हणणं, न पाहिलेल्या गोष्टीवर पैज लावायला मी काय घोड्यांच्या मैदानात आलेय का.

नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी दुपारी तळघरातला फोन वाजला. नेटाची आई, शहाऐंशी वर्षांची, जिन्यावरून पडली होती. शेजारीण सांगत होती की ती शुद्धीवर आहे आणि रुग्णवाहिकेच्या माणसांना शिव्या देते आहे, म्हणजे काळजी नको. त्या वेळी प्रथिन कॉलमवर होतं. कॉलम म्हणजे पांढऱ्या बारीक मण्यांनी भरलेली काचेची उभी नळी. प्रथिन मण्यांना चिकटून राहतं आणि वरून थेंब थेंब पडणारं साबणासारखं द्रावण त्याच्या अंगाची चरबी धुऊन नेतं. तीन तास धुवायचं, मग मिठाच्या पाण्याने प्रथिन सोडवून घ्यायचं, असा नियम. नेटाने नुकतंच वरचं मोठं भांडं भरलं होतं. तिने कोट उचलला आणि धावत बाहेर पडली. कॉलम बंद करायचं तिच्या डोक्यातही आलं नाही.

आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं. शनिवार-रविवार इस्पितळात गेले. सोमवारी सकाळी सातला नेटा तळघरात शिरली, तर कॉलम टपटपतच होता. भांड्याच्या तळाशी चार बोटं द्रावण उरलेलं. वाळला असता तर सगळं मातीमोल झालं असतं. नळीत प्रथिनाचा लाल पट्टा जागच्या जागी होता, उलट जरा जास्तच झगझगीत दिसत होता. तिने तो सोडवून घेतला, कुप्यांत भरला, कुप्यांवर एक्केचाळीसावा घाणा म्हणून आकडा घातला, आणि वहीत लिहिलं: तीन तास धुतलं, नेहमीप्रमाणे.

लिहिताना तिचा हात थांबला नाही, हेच तिला पुढे सगळ्यात जास्त बोचलं.

मार्चमध्ये लोर्न काचेची तबकडी दोन्ही हातांत धरून जिना उतरून आला, देवळातला प्रसाद आणावा तसा. त्याने तिला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. थेंबात स्फटिक होते. कडा सुरीने कापल्यासारख्या, रंग जुन्या द्राक्षासवाचा, आणि आत कुठे धूसरपणा नाही. नेटाने कारखान्यात लाखो टाके पाहिले होते, पण इतकी नेटकी वस्तू तिने पाहिली नव्हती. हे मी वाढवलेल्या त्या कोबीच्या वासाच्या पाण्यातून निघालंय, यावर तिचा विश्वास बसेना. मग तिची नजर तबकडीच्या कडेला लिहिलेल्या आकड्यावर गेली. एक्केचाळीस.

तिने तबकडी त्याच्या हातात परत दिली आणि ती बाटल्यांकडे वळली.

लोर्न ते स्फटिक घेऊन दक्षिणेला, इंग्लंडातल्या मोठ्या क्ष-किरण यंत्राकडे गेला आणि तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. फिल्मवर विखुरलेल्या किरणांचे ठिपके अगदी कडेपर्यंत उमटले होते, म्हणजे रचना बारकाव्यांसह दिसणार होती. पण क्ष-किरणांनी स्फटिक काही तासांत मरतात, आणि पुरी रचना काढायला असे कितीतरी लागणार होते. हरकत नाही, तो म्हणाला, आता होतील. जमलं आपल्याला.

जमलं नाही. बेचाळीसाव्या घाण्यातून गाळ निघाला. त्रेचाळीसाव्यातून ढेकळं. लोर्नने मीठ बदललं, पाणी बदललं, थंड खोलीचा पारा एकेक अंशाने वरखाली केला. नवी भांडी आणली, मग जुनीच बरी म्हणून परत काढली. एकदा त्याने मार्चमध्ये घातलेला स्वेटर ऑगस्टमध्ये घालून थेंब मांडले. नेटा हसली नाही. आपल्या घाईमुळेच ते स्फटिक झाले असतील असं तिला खरंच वाटत नव्हतं. जास्त धुतलं म्हणजे काय, जास्त धुतलं, एवढंच ना. दिवसा ती स्वतःला असं समजावायची. पण नवा घाणा लावताना तीन तासांनी घंटा वाजली, की तिची नजर वहीकडे जायची. आणि महिने जातील तसं सांगणं जड होत गेलं. एप्रिलमध्ये सांगितलं असतं तर ती विसरभोळेपणाची गोष्ट झाली असती. ऑक्टोबरात ती लबाडी झाली होती.

नोव्हेंबर परत आला. एका सकाळी ती वर गेली तेव्हा लोर्न आपली मांडणी रिकामी करत होता. मेहुण्याचा खिडक्या बसवायचा धंदा होता, त्याने कधीपासून बोलावलं होतं. लोर्न हसतच म्हणाला की काचेशी माझं बरं जमतं, निदान खिडकीतून पलीकडचं दिसतं तरी. मग तबकड्या खोक्यात भरता भरता, तिच्याकडे न बघता म्हणाला, "एकदाच जमलं ना, महाराणी, तिथेच घात झाला. मुळीच जमलं नसतं तर मी केव्हाच सुटलो असतो."

नेटा दारात उभी होती. तिने आत येऊन दार लावून घेतलं.

"लोर्न, एक्केचाळीसावा घाणा मी तीन तास नाही धुतला."

त्याच्या हातातली तबकडी हातातच राहिली. तिने सगळं सांगितलं, शुक्रवारच्या फोनपासून वहीतल्या ओळीपर्यंत. तबकडी खाली ठेवून तो बाहेर निघून गेला आणि जिन्यावर त्याची पावलं वाजत गेली. नेटा तिथल्याच स्टुलावर बसून राहिली. बाहेर पाऊस भुरभुरत होता. माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटत होतं. आठ महिने त्या पोराने स्वतःला मूर्ख ठरवलं होतं, आणि ती रोज त्याला चहा नेऊन देत होती.

अर्ध्या तासाने तो परत आला. केस ओले, चेहरा पांढरा.

"किती तास?" त्याने विचारलं.

"शुक्रवारी दुपारी एकला लावला. सोमवारी सातला मी आले."

"सहासष्ट." तो खोक्यावर टेकला. "भांड्यात किती उरलं होतं?"

"चार बोटं."

"तुमची की माझी?"

तिने बोटं पुढे केली. त्याने पट्टी आणून ती खरोखरच मोजली. मग वहीच्या मागच्या पानावर हिशेब करू लागला, किती लिटर गेलं, थेंबाचा वेग किती पडला. मान खाली घालूनच तो म्हणाला, "मी तुमच्यावर अजून रागावलेलो आहे. आणि तो राग लवकर जाईल असं मला वाटत नाही. पण आधी हे करू."

प्रोफेसरांना मीच सांगणार, यावर नेटा अडून बसली. तिने कामावरून जायची तयारी करूनच त्यांचं दार वाजवलं. स्टरॉकनी ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला, आणि वही मागितली. गेल्या नोव्हेंबरचं पान उघडून त्यांनी ती तिच्यासमोर सरकवली. खोडायचं नाही, म्हणाले, आणि पान फाडायचं तर अजिबात नाही. ओळीवर एक रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला खरं काय ते लिहा, आणि आजची तारीख घाला. नेटाने लिहिलं. अक्षर शाळेतल्या पोरीसारखं उमटलं. ते पुन्हा वाचून स्टरॉक म्हणाले, "अकरा वर्षांत तुमच्या वहीत एकही चूक नव्हती, नेटा. त्याची मला कधीकधी काळजी वाटायची." एवढं बोलून त्यांनी आपले कागद पुढे ओढले.

अठ्ठावन्नावा घाणा त्यांनी सहासष्ट तास धुतला. शनिवारी नेटा येऊन बसली, रविवारी लोर्न. नाताळ गेला, नवं वर्ष उजाडलं. पाचव्या आठवड्यात थंड खोलीतून लोर्नची हाक आली. तीही अशी, की वरच्या मजल्यावरची माणसं कुणाला काही झालं की काय म्हणून धावली. बारापैकी नऊ थेंबांत स्फटिक होते, त्याच सुरीच्या कडांचे. इतके महिने त्या प्रथिनाच्या अंगाला चिकटून राहिलेली चरबी आड येत होती. तीन तासांत ती सुटत नव्हती. गर्दीतून हात बाहेर काढून लोर्नने नेटाचा दंड धरला आणि तिला पुढे ओढलं. राग गेला होता की नाही, हे त्याने कधी सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून त्याने पुन्हा तिला महाराणी म्हणायला सुरुवात केली.

तरी आणखी दीड वर्ष लागलं. स्फटिकात खुणेसाठी पाऱ्यासारखे जड अणू मुरवायचे, पुन्हा क्ष-किरण, पुन्हा गणित. नेटा खाली बाटल्या भरत राहिली. आई चालायची काठी टेकत घरात फिरू लागली होती आणि पोरगी कामावर इतका वेळ काय करते म्हणून कुरकुरत होती.

जूनमधल्या एका दुपारी लोर्न तळघरात आला. दाढी वाढलेली, अंगात कालचाच सदरा. त्याने नुसती वर चला अशी मान हलवली. संगणकाच्या खोलीत पडदे ओढलेले होते. स्टरॉक कोपऱ्यात भिंतीला टेकून उभे होते, हाताची घडी घालून. लोर्नने तिला खुर्चीत बसवलं, एक जाडसर चष्मा दिला आणि म्हणाला, "आता बघा."

काळ्या पडद्यावर निळ्या जाळीचे पुंजके तरंगत होते. पहिल्यांदा तिला काहीच कळलं नाही, धुक्यात दिवे दिसावेत तसं. लोर्नने शेजारची एक कळ हळूहळू फिरवली. ते सगळं तिच्या डोळ्यांसमोर वळू लागलं, वळत वळत सरळ झालं, आणि एकाएकी पुंजक्यांचं एक कडं झालं. ते पडद्याच्या बाहेर, तिच्या आणि काचेच्या मधे, हवेत उभं होतं. हात पुढे केला तर बोट आरपार जाईल असं. आत एक वर्तुळ, बाहेर एक वर्तुळ, दोन्हींत सारख्या अंतरावर उभे खांब.

तिने मोजले. मग दुसरीकडून मोजले.

"नऊ," ती म्हणाली.

"आत नऊ, बाहेर नऊ. नऊ जोड्या." लोर्न म्हणाला. "सहाही नाहीत, आठही नाहीत. कुणाच्याच कागदावर नव्हतं ते."

त्याने कळ आणखी फिरवली आणि कडं आडवं झालं. आता ती त्याच्याकडे बाजूने पाहत होती. खांबांच्या दोन रांगांच्या मधे पातळ पत्रे उभे होते, एकाला एक जवळजवळ खेटून, चक्राच्या पात्यांसारखे कड्याभोवती फिरलेले. अठरा. ते उजेड टिपणारे रंगाचे कण, लोर्न म्हणाला. खाली आणखी नऊ, पण ते आडवे, पाण्यावर पानं पसरावीत तसे. आणि उभ्या-आडव्यांना जोडत वरपासून खालपर्यंत गेलेला एकेक लांब, किंचित पीळ घेतलेला धागा. तो बोलत होता, थांबत होता, पुन्हा बोलत होता. उजेडाचा एक कण खालच्या एका पानावर पडला, की सेकंदाचे लाख कोटी तुकडे केले तर त्यातल्या एका तुकड्यात तो वरच्या पात्यांवर पोचतो. आणि तिथे गेला की तो कुठल्या एका पात्याचा राहत नाही, बऱ्याच पात्यांचा मिळून होतो, फिरत राहतो, शेजारच्या कड्यावर जातो, त्याच्या शेजारच्या, जिवाणू तो जिथे खर्चतात त्या जागी पोचेपर्यंत. वाटेत जवळजवळ काही सांडत नाही.

"हे केवढं आहे खरं?" नेटाने विचारलं.

"केसाच्या जाडीवर ओळीने दहा हजार बसतील."

"आणि माझ्या एका बाटलीत?"

लोर्न बोटांवर आकडेमोड करू लागला. कोपऱ्यातून स्टरॉक म्हणाले, "त्या आकड्याला नाव नाही, नेटा. मी सकाळपासून शोधतोय." त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. तिने मान वळवून पाहिलं तर ते चष्मा पुसत होते, आणि चष्मा कोरडा होता.

ती पुन्हा कड्याकडे वळली. गालिचा विणताना नक्षीमागे कुणीतरी बसलेलं असायचं. कुणीतरी चौकटीच्या कागदावर ती आखलेली असायची, कुणीतरी मोजून रंग ठरवलेले असायचे, आणि तरी कुठेतरी एखादा टाका चुकायचा. हे कुणी आखलं होतं? आणि ही नक्षी शहरातल्या एका कोपऱ्यात एकदा झालेली नव्हती. डबक्याच्या तळाला, जिथे कुणी बघायला नाही, तिथे दोन-तीनशे कोटी वर्षं होत आली होती, एकेका जिवाणूत हजारो वेळा. ती तेरा वर्षं बाटल्या दिव्यासमोर धरून त्यातून पलीकडचं बोट दिसतंय का ते बघत होती. बघायचं होतं ते तिथेच होतं. तिने चष्मा काढला नाही, कारण चष्म्याआड बरं होतं.

"फिरव परत," ती म्हणाली. "सावकाश."

लोर्नने फिरवलं. ते तिघं किती वेळ बसले कुणास ठाऊक. चहाच्या वेळेला कुणीतरी दार वाजवलं, ते कुणी उघडलं नाही.

सहाला ती बाहेर पडली. दिवसभर ऊन पडलेलं होतं आणि ग्लासगोत ऊन पडलं की माणसं वेडी होतात. बागेच्या हिरवळीवर सदरे काढून पडलेली, लाल झालेल्या पाठी, आइस्क्रीम. मावळायला अजून चार तास होते. तिने बस सोडून दिली आणि बागेतून चालत निघाली. तळ्याच्या एका कोपऱ्यात पाणी साचून होतं, वर हिरव्या बारीक पानांची साय. नेटा काठावर थांबली, मग गुडघे टेकून खाली बसली आणि हाताने साय बाजूला सारली. खाली काळं पाणी, आणि त्याच्याही खाली चिखल. लोर्नने जाता जाता सांगितलेलं तिला आठवत होतं. झाडं आणि शेवाळ आपल्याला हवा तो उजेड वरच्यावर खाऊन टाकतात. खाली उतरतो तो त्यांनी टाकलेला, माणसाच्या डोळ्याला दिसतच नाही असला. ही कडी नेमका तोच उजेड धरतात. म्हणजे तिच्या डोळ्यांना जिथे काळोख होता, तिथे खाली भरदिवसाचं काम चालू होतं.

बाकावर एक म्हातारी आपल्या कुत्र्याला बिस्किट भरवत बसली होती. तिने बराच वेळ हा प्रकार पाहिला.

"काही पडलं का गं आत?" तिने शेवटी विचारलं. "अंगठी वगैरे?"

"नाही हो," नेटा म्हणाली. "बघतेय नुसती."

"काय आहे तिथे बघण्यासारखं?"

नेटाने साय पुन्हा बाजूला सारली आणि सरकून शेजारी जागा केली. म्हातारी कुत्र्याला घेऊन उठून जवळ आली, कंबरेवर हात ठेवून वाकली, आणि तीही त्या काळ्या पाण्यात बघू लागली.